एका टोपातलं नवं

सोनीबाईने यंदा नवं खायला सोमवार धरला, तेव्हा म्हातारीला आता वारांचंही भान राहिलं नाही असंच घरात सगळ्यांना वाटलं.

कार्तिकात वरई झोडून घरात आली की तिचा पहिला घास सगळ्या घराने मिळून खायचा, आणि तोही एकाच भांड्यातला. त्याआधी नव्या धान्याचा दाणा कुणी तोंडात घालायचा नाही. तळेघरच्या वरच्या वस्तीत याला नवं खाणं म्हणतात. पण सोमवारी सोनीबाईचा उपास. भीमाशंकराचा सोमवार ती लग्नाच्या आधीपासून धरत आलेली, आणि आता तिची ब्याऐंशी उलटली होती. ओतूरला राहणाऱ्या धाकट्या रामनाथचाही सोमवार. थोरला चिमाजी तेवढा मोकळा. त्याच्या मते देवाने सातही वार जेवायलाच केले होते.

"आये, मंगळवार धर की," तो म्हणाला. "त्यो सगळ्यांला मोकळा हाय. कोंबडा बी धरून ठिवलाय."

"कोंबडा मंगळवारी खा. नवं सोमवारी," सोनीबाई म्हणाली आणि वरईचं सूप मांडीवर घेऊन पाखडायला लागली. ती पाखडायला लागली म्हणजे बोलणं संपलं, हे चिमाजीला सहासष्ट वर्षांत चांगलं कळलं होतं.

त्याची बायको भागू मात्र धास्तावली होती. सोळाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा रामनाथ दहाचा होता. शेंबड्या पोराला 'भावजी' म्हणताना तिला हसू आवरायचं नाही. सासू दिवसभर वावरात, त्यामुळे त्या पोराचं खाणंपिणं तिच्याकडेच आलं. आश्रमशाळेतून शनिवारी चालत यायचा आणि दप्तर ओसरीवर टाकायच्या आधी विचारायचा, "वैनी, काय केलंस?" तोच रामनाथ सहा वर्षांपूर्वी ओतूरच्या सप्ताहात गळ्यात माळ घालून आला आणि त्या वर्षापासून नव्याला स्वतःचा डबा आणायला लागला. भागूच्या टोपात मटण शिजतं, म्हणून त्या टोपातलं चालत नाही. पंगतीत बसायचा, पण ताट आपलं, डबा आपला. वर न खाताच म्हणायचा, "छान झालंय, वैनी." भागू यावर कधी काही बोलली नाही. तिला ते फार लागलं होतं, एवढंच.

आणि आता त्यात उपासाचा वार. म्हणजे यंदा तर आयतंच निमित्त.

न राहवून तिने ओतूरला जावेला फोन लावला. वैजयंती म्हणाली, "अहो ताई, भगर चालते की उपासाला. आम्ही दर सोमवारी तेच खातो."

"भगर म्हंजी आपली वरई?"

"तीच."

"आगं, आमी रोज खातो ती. कोंबडीच्या रश्शात कालवून खातो. ती उपासाला?"

"इकडे तरी सगळे उपासालाच खातात."

भागूने हे चिमाजीला सांगितलं. तो बराच वेळ हसला. "मंग मी जल्मापास्नं उपाशीच हाय की. त्या रामनाथला सांग, माझं पुण्य मोज म्हनावं." भागूलाही हसू आलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. वार आपोआप जमून आला होता. वरई रामनाथला चालत होती. हळद नको, मोहरी नको, शेंदेलोण घालायचं, आणि रामनाथच्या मोहिनीने दूधतूप सोडलंय म्हणून फोडणीला शेंगदाण्याचं तेल. महिनाभर तिने हे मनात मांडून ठेवलं. फक्त एकदा सासूला विचारलं, "आत्या, तुमी काय खानार?"

"माझं मी बघते," सोनीबाई म्हणाली.

*

सोमवारी दहाच्या सुमाराला ओतूरची गाडी दारात आली. रामनाथ कॉलेजात हेडक्लार्क, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोष्टीला यादी असे, आणि उपासाला तर असेच. वैजयंतीने डिकीतून एकेक डबा काढून ओसरीवर मांडला. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा वडे, बटाट्याचा कीस, वेफर्स, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या. शेवटी बासुंदीची बरणी.

चिमाजी खांबाला टेकून बघत होता. "कोन आजारी हाय का?" त्याने विचारलं. "की वऱ्हाड येनार हाय?"

"उपासाचं आहे, तात्या," मोहिनी म्हणाली. रामनाथची ही एकुलती एक, पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिने मांसमच्छीच काय, दूध, तूप, मधसुद्धा सोडलं होतं. "बाबा आठवड्याला दोन-तीन उपास करतात आणि वर्षाला दोन किलो वाढतात. साखर दोनशे साठ. डॉक्टर म्हणाले, उपास सोडा नाहीतर उपासाचं खाणं सोडा."

"डॉक्टर काय, काही पण बोलतात," रामनाथ म्हणाला आणि वाकून आईच्या पाया पडला.

मग वैजयंतीने गाडीतून आणखी एक खोकं काढलं. आत स्टीलचा कोरा कुकर होता, शिट्टी अजून प्लास्टिकच्या पिशवीत. "ताई, आज भगर यातच लावू या," ती साधेपणाने म्हणाली. "म्हणजे ह्यांनाही खाता येईल. तुमचं काम सोपं."

वैजयंतीच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट दुकानात अर्धा तास उभं राहून तिने तो निवडला होता. पण भागूने कुकरकडे बघितलं, मग चुलीवर ठेवलेल्या आपल्या जर्मलच्या टोपाकडे बघितलं. त्याचा तळ तिने पहाटे राखेने घासघासून पांढरा केला होता.

"नवं टोपातच शिजतं," ती म्हणाली आणि आत गेली.

*

मोहिनी भागूच्या मागोमाग चुलीपाशी गेली. भागूला ती मोठी आई म्हणायची. मोठी आई रागावली की भांडी आपटत नाही, उलट फार हळू ठेवते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आज झाकणाचा आवाजच येत नव्हता.

सोनीबाई जात्याला टेकून बसली होती. तिने नातीला जवळ बसवलं, दंड चाचपून बघितला. "दूध का गं सोडलंस? म्हशीनं काय केलं तुझं?"

"म्हशीने काही नाही केलं, आजी. आपणच तिच्या रेडकाचं पितो."

सोनीबाईने जरा विचार केला. "खरं हाय त्ये. आमाला तर दूध बगायला बी मिळत नव्हतं. वरई, नाचनी, रानची भाजी. पंचमीला कुनी वाटीभर दिलं तर नागोबाला, न्हाईतर न्हाई. मंग आमी बी तुझ्यासारखंच की. फकस्त आमाला कुनी शाबास म्हनालं न्हाई."

मोहिनी हसली. मग हळूच भागूला म्हणाली, "मोठी आई, कुकरचं मनावर घेऊ नकोस. आईला वाटलं बरं होईल."

"मी कशाला घिऊ मनावर? त्यांचं त्येंच्यापाशी." भागूने वरई तीन पाण्यांतून काढली. "मी त्याला ह्याच टोपातनं वाढवला. गोवर आला तवा ह्याच टोपातली पेज पाजली. आता टोप खराब झाला."

हे ती मोहिनीला सांगत नव्हती, वरईला सांगत होती. मोहिनी उठली ती तडक ओसरीवर गेली.

तिथे आधीच पेटलं होतं. चिमाजीचा आवाज चढला होता. "सहा वर्सं झाली, एक शबूद बोललो न्हाई. आता घरात कुकर आनलास व्हय? दोन भांडी म्हंजी दोन घरं. तसं असंल तर तसं बोल. वायलं नवं खा ओतूरला, आमी हितं खातो."

"दादा, तसं नाही. माझा नेम आहे."

"नेम माझा बी हाय. वैनीच्या हातचं खाऊन तू मोठा झालास, ह्यो नेम."

"बाबा, टोप घासलेला आहे," मोहिनी म्हणाली. "तुम्ही हॉटेलात चहा पिता तेव्हा कुठल्या भांड्यातला ते विचारता का?"

वैजयंतीसुद्धा हळूच म्हणाली, "एक दिवस चालेल हो." कुकर तिनेच आणला होता, पण ताईंचा चेहरा बघितल्यापासून तो खोक्यात परत घालावा असं तिला वाटत होतं.

सगळी घरची माणसं एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या, हे रामनाथच्या लक्षात आलं. तो चप्पल घालून खळ्याकडे गेला.

खळ्यावर वरईच्या काडाची गंजी होती. तिच्या सावलीत तो बसला. घरातल्या कुणालाही, अगदी वैजयंतीलाही त्याने एक गोष्ट सांगितली नव्हती. टोप बाटलाय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला टोपाची भीती वाटत होती. वहिनीचा रस्सा म्हणजे काय चीज आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काळं वाटण, वरून लाल तवंग, आणि तळाशी कालवलेली वरई. माळ घातल्यावर पहिल्या वर्षी तो इथे आला होता, आणि चुलीवर नुसता रिकामा टोप बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्या दिवशी तो घाबरला. या टोपातलं काहीही पोटात गेलं तर आपली माळ महिनाभरही टिकणार नाही, असं त्याला वाटलं, आणि हेडक्लार्कला शोभेल असा त्याने नियम केला. साबुदाण्याचे वडे, बासुंदी, लाडू हे सगळं त्या एका रश्शाच्या जागी आलं होतं आणि कितीही खाल्लं तरी ती जागा भरत नव्हती. भरत होती ती फक्त साखर.

हे सांगायचं कसं? छप्पन्न वर्षांचा माणूस, गळ्यात माळ, आणि म्हणे टोपाला घाबरतो. दादा वर्षभर हसेल.

सोनीबाई काठी टेकत खळ्यावर आली. लेकाजवळ उभी राहिली. "चल जेवायला," एवढंच म्हणाली. आईने असं म्हटल्यावर रामनाथ उठला.

*

पंगत ओसरीवर बसली. कणगीला, चुलीला आणि वाघोबाला निवद झाला. टोप मधोमध आला. त्यात पांढरी मोकळी वरई वाफाळत होती, बाजूला शेंगदाण्याची आमटी. चिमाजी, रामनाथ, वैजयंती, मोहिनी ओळीने बसले. रामनाथसमोर आज त्याचा डबा नव्हता. भागूने पळी भरली. मान वर न करता तिने पटापट सगळ्यांना वाढलं. रामनाथच्या ताटातही वरई पडली.

"आई कुठाय?" रामनाथने विचारलं.

सोनीबाई ओसरीच्या टोकाला, पायरीजवळ बसली होती. पुढ्यात एक उकडलेलं रताळं.

"आये, हिकडं ये की," चिमाजी म्हणाला.

"मला सोमवार हाय."

"सोमवार बाबांनाही आहे, आजी," मोहिनी म्हणाली. "वरई चालते उपासाला."

"तुमाला चालती. माझं अन्नच ते. जल्मभर दोन येळा वरईच खाल्ली. ती सोडायची म्हनूनच तर सोमवार धरला. रोजचंच खाऊन उपास कसला?" ती रताळ्याची साल काढत होती. "जेवा तुमी."

मग भागूने विचारलं, "आत्या, मंग सोमवार का धरला तुमी? तुमाला म्हाईत व्हतं ना तुमाला खाता येनार न्हाई?"

"म्हाईत व्हतं. डोळ्याच्या आपरेशनला ओतूरला राहिले तवा वैजयंतीनं सोमवारी वरईच केली व्हती. मी रताळं खाल्लं. तवाच समजलं का ह्यांच्यात चालती." सोनीबाईने रताळ्याचा तुकडा मोडला. "रामनाथचं नेमाचं, मोहिनीचं दुधाचं, ह्या चिमाजीचं खादाडीचं, समद्यांला चालंल आसा एकच वार निघाला. माझंच तेवढं बसत न्हवतं. मंग म्हनलं, कुनी तरी बाजूला बसनारच. सहा वर्सं त्यो बसला. औंदा मी बसते."

ती हे रुसून म्हणत नव्हती. तिच्या लेखी हिशेब साधा होता आणि तो नीट सुटला होता. रामनाथला मात्र घास उचलवेना. पंगतीत बसून वेगळं खाणारं माणूस कसं दिसतं, हे त्याने आज पहिल्यांदा समोरून बघितलं. इतकी वर्षं तो ते आतून बघत होता, आणि आतून त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

त्याने ताटातली वरई परत टोपात घातली. भागूचा चेहरा उतरला.

"आई, तू सोमवार दिवेलागणीला सोडतेस ना?" तो म्हणाला. "मग नवं तेव्हाच खाऊ. सगळे. झाका टोप."

"आन् तवर?" चिमाजीने घाबरून विचारलं.

"तोवर उपास."

*

चिमाजीच्या आयुष्यातला हा पहिला उपास. तासाभरात तो अस्वस्थ झाला. दोनदा आत जाऊन टोपाचं झाकण बघून आला. शेवटी त्याची नजर ओसरीवरच्या डब्यांवर गेली. "हे उपासाचंच हाय न्हवं?" त्याने वैजयंतीला विचारलं, आणि ती हो म्हणताच मांडी घातली. नऊ वडे, खिचडी, कीस, चार लाडू आणि बासुंदी एवढं झाल्यावर तो पोटावर हात ठेवून आडवा झाला.

"रामनाथ, ह्ये लई आवघाड काम हाय राव," तो छताकडे बघत म्हणाला. "कोंबडा खाऊन मी चालत डिंभ्याला जाऊन येतो. आन् उपास करून मला कुशीवर वळता येईना. तू आठवड्याला तीन-तीन कसं करतोस?"

मोहिनी इतकी हसली की तिला उचकी लागली. तिने स्वतः दुपारभर मूठभर शेंगा खाल्ल्या. रामनाथ आईजवळ पायरीवर बसून तिच्या अर्ध्या रताळ्यात वाटेकरी झाला होता. डब्यांकडे त्याने बघितलंही नाही, आणि वैजयंती ते बघत होती.

भागू मात्र कुणाच्यात मिसळली नाही. तिला वाटत होतं, हा टाळण्याचा नवा रस्ता आहे. संध्याकाळ होईल, भावजी म्हणतील घाट उतरायचाय, अंधार पडेल, गाडी निघेल. दुपारी निदान उपास म्हणून तरी खाल्लं असतं. दुपारची वरई उपासाची होती. संध्याकाळी सोमवार सुटल्यावर ती नुसती भागूच्या टोपातली वरई होणार होती. ती कोण खाणार?

ऊन डोंगराच्या कडेला गेलं. खरोखरच रामनाथने गाडी वळवून रस्त्याकडे तोंड करून लावली. भागूने ते दारातून बघितलं आणि चुलीत दोन लाकडं घातली, कारण चिमाजीला तरी गरम लागलं असतं.

दिवा लागला. सोनीबाईने भीमाशंकराच्या दिशेने हात जोडले आणि पाण्याने डोळे पुसले. "वाढ गं," ती म्हणाली आणि आज पहिल्यांदा पंगतीत येऊन बसली. तिच्या शेजारी चिमाजी, मग वैजयंती, मोहिनी. रामनाथ अजून अंगणात होता.

तो आत आला आणि पाटावर न बसता चुलीपाशी गेला.

"वैनी, तुला एक सांगायचंय. हसू नको." मग सगळ्यांना ऐकू जाणार हे दिसल्यावर त्याने आवाज लपवायचा नाद सोडला. "मला तुझ्या टोपाचा विटाळ वाटला नाही कधी. हा टोप बघितला की मला तुझा रस्सा आठवतो. माळ घातली, सगळं सोडलं, सगळं जमलं. तेवढं एक जमलं नाही. यातलं खाल्लं तर माझ्याच्याने राहवणार नाही, म्हणून डबा आणत होतो. घाबरत होतो."

भागू पळी हातात धरून उभी होती. "रश्शाला?"

"हो."

"सहा वर्सं?"

"हो."

चिमाजीचं तोंड उघडलं होतं. सोनीबाईने त्याच्या मांडीवर चापट मारली, तसं ते मिटलं.

"आन् मी म्हनत व्हते, मी काय केलं ह्येचं," भागू म्हणाली. "आधी सांगायचं व्हतंत, भावजी. ह्यो टोप मी नुसता वरईला ठिवला आसता. रस्सा दुसऱ्यात केला आसता. एवढंच व्हतं तर."

"आता ठेव."

"आता ठिवते की."

रामनाथ पाटावर बसला. भागूने टोप उचलून आणला आणि आधी सासूला वाढलं, मग त्याला. आमटी ओतली. कुणी घास घेत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने वरई कालवली, लहानपणी कालवायचा तशी पाचही बोटांनी, आणि मोठा घास घेतला. चावला. गिळला. जरा थांबला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मीठ कमी पडलंय, वैनी," तो म्हणाला.

वैजयंतीने त्याला कोपराने ढोसलं. पण भागूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ती हसतही होती. सहा वर्षं तिचं जेवण त्याच्या तोंडी छानच होत आलं होतं. ती मिठाचा डबा आणायला आत वळली, आणि तो शोधायला तिला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला.